उजव्या सोंडेचा ठसा

सांगली,
१६ एप्रिल १९४५

गंगाधरा,

नमस्कार. नानांना आणि काकूंनाही माझा नमस्कार सांग. ते घेणार नाहीत, तरी सांग. मी बरा आहे. म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत होतो. शनिवारी दुपारी टपालवाल्यानं तुझं पाकीट दुकानाच्या फळीवर टाकलं, मी हातातला पोपट अर्धा कोरून तसाच खाली ठेवला, पाकीट फोडलं, आणि तिथून पुढे माझं काही म्हणता काही पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

तू माणूस आहेस की तारमास्तर? 'क्षमाचे वाईस ठरले. अक्षय्य तृतीयेनंतरचा मुहूर्त. येथील छापखान्यातला गणपतीचा ब्लॉक झिजून घुशीसारखा दिसतो, नवा लढाई संपल्याशिवाय मिळत नाही. तरी मजकूर छापून घेऊन वर गणपती घरीच ठशाने मारावा असे ठरले आहे. तू पोपट-मोर करतोसच, एक गणपती कर. चित्र क्षमानेच काढले आहे.' झालं! बहिणीच्या लग्नाची बातमी आणि ऑर्डर एकाच दमात. मधे दोन बोटं जागा तरी सोडायचीस. माणूस श्वास कुठे घेणार?

आणि 'करतोसच' म्हणजे काय? तुला ही पोरखेळाची गोष्ट वाटते. इथे येऊन बघ. कचेऱ्यांचे शिक्के ही दुकानाच्या मालकांची, विष्णुपंतांची बाजू, फुलं-पानं-पक्षी ही माझी. लष्कराच्या मोडक्या लॉरीचं टायर मिळवायचं, त्यातला मऊ भाग सोलून काढायचा, छत्रीची काडी घासून केलेल्या कोरणीनं तो कोरायचा आणि लाकडी ठोकळ्यावर चिकटवायचा. मिठाईवाल्याला पुड्यावर मोर लागतो. भरतकाम करणाऱ्या बायकांना कापडावर वेल उठवून हवी असते. शाळेतल्या मुलींना वहीच्या कोपऱ्यात कमळ. ह्या उन्हात त्या रबराचा वास डोक्यात जातो, आणि वर विष्णुपंतांची जीभ. काल म्हणाले, "चिंतोपंत, कॉलेजात उलटं बोलायला शिकलात, आता जरा उलटं कोरायलाही शिका." मी कमळाच्या देठाची बाजू चुकवली होती एवढंच. मी ठोकळा आपटला. ते म्हणाले, "आपटा. पुढचा टायर तुमच्या सासऱ्यानं दिलाय का?"

त्या शब्दावर मी जे काही बोललो ते इथे लिहीत नाही.

आता कामाचं. क्षमानं गणपतीची सोंड उजवीकडे वळवली आहे. घाबरू नकोस. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं, लग्नपत्रिकेवर तो कुणी घालत नाही, हे तिला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ठशात सगळं उलटं असतं. ठशावर उजवं ते कागदावर डावं. गेल्या मे महिन्यात साताऱ्याला तुमच्या मागच्या ओसरीवर तिनं खोडरबरावर हौसेनं स्वतःचं नाव कोरलं, ते कागदावर उलटं उमटलं, आणि हसून हसून तिला ठसका लागला. त्यानंतर ती मला सगळी चित्रं आधीच उलटी करून द्यायची. माझे श्रम वाचावेत म्हणून. तेच तिनं आताही केलंय. तेव्हा मी तिचं चित्र आहे तसं रबरावर उतरवीन आणि पत्रिकेवर सोंड बरोबर डावीकडे येईल.

बरं तर बरं, मला तिची सवय ठाऊक आहे. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून चित्राबरहुकूम छाप उठेल असा ठसा केला असता, आणि तुमच्या होणाऱ्या व्याह्यांनी, आप्पाशास्त्र्यांनी, ती पत्रिका बघून लग्नच मोडलं असतं. तूच लिहितोस ना, की पाल चुकचुकली म्हणून त्यांनी मुलाची आधीची सोयरीक मोडली? असल्या माणसाच्या घरात देताय तिला. तिला विचारलंत का? की तिलाही तारच केलीत?

चित्राच्या वर तिनं आपल्या हातानं 'श्री' काढला आहे. तेवढा भाग मी मागे दुमडून ठेवला. का ते विचारू नकोस.

आठ दिवसांत ठसा पाठवतो.

चिंतामण


सांगली,
२३ एप्रिल

गंगाधरा,

तुझं पत्र मिळालं. ठसा सोबतच्या पुडक्यात आहे, शाईची गादीही आहे. गादीला पाणी लावू नका, आणि ठसा उन्हात ठेवू नका, नाहीतर लंबोदराचं पोट आणखी सुटेल. दाबताना अंगठ्यानं एका बाजूनं रेटायचं नाही, तळहात सरळ ठेवायचा. क्षमाला ठाऊक आहे. तिलाच मारू दे. तू हात लावू नकोस, तुझा हात तुझ्या अक्षरासारखाच आहे.

सोंड डावीकडे आली आहे, कागदावर मारून पाहिली. 'श्री' मात्र तिच्या हातचा घेतला नाही. विष्णुपंतांच्या छपाईच्या खिळ्यांमधला घेतला. विष्णुपंत म्हणाले, "पोरीचं अक्षर चांगलं असेल की, बघू तो कागद." मी दाखवला नाही. म्हणालो, 'श्री' कसा छापील असावा. ते माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले. त्या म्हाताऱ्याचा चष्मा एक दिवस मी फोडणार आहे.

तू विचारतोस, मला राग कसला आला आहे, पत्रात नुसत्या ठिणग्या उडताहेत. कमाल आहे. राग कसला येणार? आनंदच आहे. आणि उपदेश कसला करतोस की 'प्रोफेसरांना माफीचा एक कागद लिही, अजून परत घेतील'? गंग्या, मी त्यांच्या पगडीचा ठसा कोरून तपासलेल्या पेपरांवर मारला ही चेष्टा होती. वर्ग हसला, तूही हसलास. बाकावर लोळून हसलास. माफी मात्र मी एकट्यानं मागायची! 'माफी माग नाहीतर चालता हो' असं कुणी म्हटलं की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात, त्याला मी काय करू?

तुमच्या घरूनही तसाच निघालो. दोन वेळा तू विचारलंस, दोन वेळा मी टाळलं. आता ऐक. तू त्या दिवशी औंधला गेला होतास. ओसरीवर आम्ही केळीच्या खांबांचा ठसा करत होतो. तिनं चित्र धरलं होतं, मी कोरत होतो, एवढंच. नाना आले. तिला म्हणाले, "आत जा." मला म्हणाले, "रबर कोरून संसार होतो का रे?" माझ्या तोंडून संसाराचा स देखील निघाला नव्हता! तो शब्द त्यांनी काढला. मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की आपल्याला नेमकं काय हवं आहे, आणि ते मिळणार नाही हेही त्याच वाक्यात कळलं. मग मी दार आदळलं. तावदान फुटल्याचा आवाज मी बोळाच्या टोकापर्यंत ऐकला. बसवून घेतलंत का?

हे वाचून तू काय समजायचं ते समज. मी आणखी काही लिहिणार नाही. तिचं लग्न ठरलं आहे, चांगल्या घरात ठरलं आहे, मुलगा रेव्हेन्यूत आहे, रबरात नाही. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखा वागलो आहे. मनात आणलं असतं तर ठसा बिघडवता आला असता. चार दिवस उशीर करता आला असता. गणपतीच्या पायाशी उंदराऐवजी पाल बसवता आली असती! काही केलं नाही. नीट, सुबक, डाव्या सोंडेचा, कुणाला नाव ठेवायला जागा नाही असा गणपती करून दिला. तुम्ही सगळे मला म्हणत होता ना, चिंत्या, डोकं थंड ठेव? ठेवलं. काय सुख लागतं त्यात ते तुम्हालाच ठाऊक.

एक विचारू? चित्र देताना ती काही म्हणाली का? माझ्याविषयी असं नाही. सहज.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आटपाडीकडची एक बाई आहे, अंजना. नवरा मानसिंग ब्रह्मदेशात लढाईवर. शनिवारी अर्धा टाकलेला पोपट तिचाच. तिला लिहिता येत नाही. पत्र गावातले मास्तर लिहितात, खाली ती पोपट मारणार. तयार पोपट हातात घेऊन म्हणाली, "लय ग्वाड झालाय बगा. चोच तेवढी तुमच्यावानी हाय, चिडकी." दुकानभर हशा. विष्णुपंत तर दिवसभर मला राघू म्हणत होते.

चिंतामण


सांगली,
३० एप्रिल

गंगाधर,

आज नमस्कार-चमत्कार राहू दे.

तुझं पत्र सकाळी मिळालं. पत्रिका झाल्या, पहिली पत्रिका अक्षता घेऊन तू स्वतः वाईला देऊन आलास, आप्पाशास्त्र्यांनी ती कपाळाला लावली, ठसा कुणी केला म्हणून विचारलं, तू माझं नाव सांगितलंस. फार उपकार झाले. आणि मग शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं तू लिहितोस:

'क्षमाची मात्र गंमत झाली. पहिला ठसा तिनेच मारला आणि बघतच बसली. मग म्हणाली, "हा मी काढलेला नव्हे." आणि उठून गेली ती जेवायलाही आली नाही. बाकीचे सर्व मलाच मारावे लागले. कलावंतांचे नखरे, दुसरे काय!'

मीही तेच म्हटलं. नखरे. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं जीव ओतून केलं, आणि हिला पसंत नाही! 'श्री' छापील घातला म्हणून रुसली असेल असं वाटलं. सकाळभर सगळ्यांवर खेकसत होतो. तेवढ्यात अंजना पुन्हा आली. सासरा, जोतीराम म्हणून आहे, तो बाहेर पानपट्टीवर टेकला. हिनं पोपटाचा ठसा फळीवर ठेवला आणि म्हणाली, "दादा, आनिक एक पोपट पायजे. असाच. तोंड तेवढं दुसरीकडं."

मी म्हटलं, "का? ह्याला काय झालं? डावीकडं बघतो ते वाईट दिसतं का?"

"वंगाळ कशापायी? त्यो बी लागतुया. दोनी लागत्यात."

"अहो, पण पोपट तो पोपट. इकडं बघितलं काय नि तिकडं बघितलं काय!"

तशी तिनं बाहेर बघून घेतलं, सासऱ्याची पाठ आहे ना, आणि आवाज बारीक केला. "आवं, पत्तर मास्तर लिवत्यात. मामंजी म्होरं बसत्यात. म्या काय सांगनार? मामंजी खुशाल हायती, म्हस व्याली, पाऊस न्हाई. ह्ये समदं मास्तरचं नि मामंजीचं. पोपट तेवढा माजा. डावीकडं बगाया लागला की म्हनायचं, समदं बरं हाय, काळजी करू नगा. उजवीकडं बगितलं की म्हनायचं, लय झालं, आता ऱ्हावत न्हाई, रजा काडून या. त्यास्नी जाताना सांगितलंय म्या."

"आणि त्यांना कळेल?"

"न कळाया काय झालं? ज्येला कळायचं त्येला कळतं. ज्येला न्हाई कळत, त्यो मुडदा पोपटाकडं बगतो तरी का?"

बाहेरून जोतीराम ओरडला, "दोन दोन पोपट कशाला गं?"

"जोडी असू द्या की, मामंजी! येकटं कसं ऱ्हाईल?"

गंगाधर, मी हसलो. खरंच हसलो. पोपटाचा कागद घेतला, उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला, म्हणजे उजेडात मागून रेषा दिसतात आणि तोंड आपोआप फिरतं. आणि तसाच उभा राहिलो. विष्णुपंत म्हणाले, "काय, राघूला खिडकीबाहेर सोडताय?" मला ऐकू आलं, पण अर्थ लागला नाही.

मी फळीखालचा डबा ओढला. क्षमाचं चित्र काढलं. वरचा दुमडलेला भाग उलगडला. पंधरा दिवस मला त्या अक्षराकडे बघवत नव्हतं, म्हणून मी ते झाकून ठेवलं होतं. माझ्यासारखा गाढव सांगली-साताऱ्यात शोधून सापडायचा नाही.

'श्री' सरळ आहे रे!

कळतंय का तुला? माझ्या सोयीसाठी तिनं चित्र उलटं काढलं असतं, तर 'श्री'सुद्धा उलटाच काढला असता. स्वतःचं नाव उलटं उमटलेलं बघून जी ठसका लागेपर्यंत हसली, ती हे विसरेल? 'श्री' सरळ. मोदक ज्या हातात असतो त्याच हातात. परशू जागच्या जागी. म्हणजे चित्र सरळच आहे. फक्त सोंड तिनं उजवीकडे फिरवली आहे. जाणूनबुजून. एवढीच एक गोष्ट.

तिला उजव्या सोंडेचाच गणपती हवा होता. पहिली पत्रिका वाईला जाणार हे तिला ठाऊक होतं. पाल चुकचुकली म्हणून सोयरीक मोडणारा म्हातारा हा गणपती बघून काय करील हे तिला ठाऊक होतं. नानांना दिसत कमी, आणि तू, क्षमा कर, तू कशाकडेच बघत नाहीस. घरात तिला कुणी विचारलं नाही. तिनं ते चित्र ह्या सांगलीत पाठवलं, माझ्याकडे, कारण साऱ्या पृथ्वीवर एकच माणूस तिच्या रेषा ओळखतो अशी तिची समजूत होती. आणि त्या माणसानं शहाणपणा केला!

सगळा जन्म मी भलत्या वेळी भडकलो. प्रोफेसरांवर भडकलो, नानांवर भडकलो, विष्णुपंतांवर तर रोजच. आणि जिथे आंधळेपणानं नुसतं सांगितलं तसं करायचं होतं तिथे मी डोकं थंड ठेवून तिचा नकार पुसून टाकला, आणि त्याजागी सुबक होकार कोरून दिला. स्वतःच्या हातानं. वर लिहिलं, तळहात सरळ ठेव, क्षमाला ठाऊक आहे. तिनं तो छाप बघितला तेव्हा तिला काय वाटलं असेल? हेच ना, की चिंतामणलाही कळलं, आणि कळून त्यानं सोंड फिरवली? त्यालाही आपण वाईलाच जावं असं वाटतं?

'हा मी काढलेला नव्हे.' तू तिला जेवायला हाक तरी मारलीस का रे पुन्हा?

अंजना म्हणाली, "दादा, काय झालं? इंगळी चावली का?" मी म्हटलं, "हो." मग खाली बसलो आणि आधी तिचा पोपट करून दिला. तिचा मानसिंग लांब आहे, तिचं काम आधी. विष्णुपंत उठले. टायरचा चांगला मऊ तुकडा, जो ते कचेरीच्या शिक्क्यासाठी बाजूला ठेवून होते, तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि जेवायला, वामकुक्षीला घरी निघून गेले. त्यांना काय कळलं आणि कधीपासून कळलं होतं, देव जाणे.

त्या तुकड्यावर मी आता गणपती कोरला आहे. ह्या वेळी तिचा कागद पालथा घालून रेषा उतरवल्या. कागदावर मारून पाहिला. सोंड उजवीकडे. 'श्री' तिच्या हातचा. रेघ न रेघ तिनं काढली तशी. आणि आजवर केलेल्या सगळ्या ठशांत हाच चांगला उतरला आहे, हे लिहिताना माझाच मला संताप येतो.

तो खिशात घालून मी साताऱ्याला येतो आहे. मिरजेहून संध्याकाळची पुण्याची गाडी पकडतो. हे पत्र त्याच गाडीच्या टपालाच्या डब्यात टाकणार, म्हणजे आम्ही दोघे एकत्र प्रवास करू. फक्त मी सातारा रोडला उतरून पहिली मिळेल ती मोटर धरीन, आणि पत्राला तुमच्या पोस्टमास्तरच्या मर्जीनं यावं लागेल. तेव्हा तू हे वाचशील तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. तरी लिहितो, कारण तुझ्या तोंडासमोर हे वाक्य मला बोलता येणार नाही: गंगाधर, मला क्षमा हवी आहे. ठसा, गादी, उपदेश, सगळ्यावर तुला पानं भरभरून लिहिली, आणि हे एवढंच लिहायचं राहत होतं.

भिऊ नकोस, तमाशा करणार नाही. तिला पळवायला येत नाही. नानांसमोर, काकूंसमोर, तुझ्यासमोर तो ठसा तिच्यापुढे ठेवीन आणि सांगेन, मला उशिरा कळलं. मग तिला वाटलं तर ती उचलील. उचलला, तर वाईला जाऊन आप्पाशास्त्र्यांच्या पुढ्यात मी स्वतः तो कागदावर मारीन, आणि ते जो काय शाप देतील तो घेईन. नाही उचलला, तर तो तुमच्या चुलीत टाकून परत येईन आणि मुकाट्यानं कमळं कोरीन. पण विचारल्याशिवाय आता मी राहणार नाही. तुम्ही कुणी विचारलं नाहीत. मीही नाही विचारलं, मी तर नुसती सोंड फिरवली.

नाना 'चालता हो' म्हणतील. म्हणू देत. ह्या खेपेला माझे पाय दाराकडे वळणार नाहीत. तिनं उत्तर देईपर्यंत ओसरीवर बसून राहीन. प्रोफेसरांची माफी मागायला सांगितलीत तर तीही मागेन, आजच मागेन, कागद तू लिही.

कोरण्या पुसून डब्यात ठेवल्या. ठसा खिशात आहे. टायरचा वास हातांना आहे, तो जाणार नाही, तसाच येतो. किल्ली पानवाल्याकडे ठेवतो, विष्णुपंत झोप काढून येतील. हे शेवटचं उंबऱ्यात उभ्यानं लिहितो आहे, अक्षर हललं तर त्यामुळे.

तुमच्या तावदानाचं माप घ्यायचं राहिलं. काच मी बसवून देईन.

हे दार मात्र आदळत नाही. ओढून घेतो.

तुझा, आणि तुम्ही म्हणाल तर तुमचा,
चिंतामण